चौथ्या रिळातलं हसणं

मी एक पडलेला सिनेमा बोलतोय. पडलो तो असा, की पुन्हा उठलोच नाही.

माझी गोष्ट तुम्ही न पाहताही सांगाल. समुद्राकाठचं गाव, सुट्टीवर आलेली शहरी मुलगी, सायकलवरचा कोळ्याचा मुलगा. दोघांचं जमतं, बिनसतं आणि सहाव्या रिळात पुन्हा जमतं. विनोद म्हणाल, तर त्यांना मीच कधी हसलो नाही.

एकोणीसशे अडुसष्टच्या उन्हाळ्यात इटलीतल्या तेर्मोली गावच्या धक्क्यावर माझं चित्रीकरण झालं. दिग्दर्शक रोमचे. नायक म्हणून त्यांनी तिथलाच सतरा वर्षांचा तिमोतेओ उचलला. अभिनय बेताचाच, पण तो हसला की कॅमेऱ्यामागची माणसं हातातलं काम टाकून हसायची. त्याची आई फिलोमेना धक्क्यावर जाळी दुरुस्त करायची. रोज दुपारी ती ऑम्लेट घातलेला पाव घेऊन यायची आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहायची.

एका दृश्यात मुलगी त्याला 'नाही' म्हणते. त्याने रडवेलं तोंड करायचं होतं. नेमका तेव्हाच एक समुद्रपक्षी झेपावला आणि फिलोमेनाच्या हातातला पाव घेऊन गेला. तिमोतेओ खो खो हसत सुटला.

"ए आई! नेलं गं तुझं ऑम्लेट!"

दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला. पण ऊन उतरत होतं, मुलीचं काम करणारी नटी दुसऱ्या दिवशी परत जाणार होती. त्यांनी तेच ठेवलं. तेव्हापासून माझा नायक नकार ऐकून हसतो.

आमच्याकडे तेव्हा रीतच अशी होती, की चित्रीकरणात धरलेला आवाज फक्त खुणेपुरता. नंतर रोममध्ये बंद खोलीत दुसरेच नट सगळ्यांची वाक्यं बोलायचे. तिमोतेओची बोली रोमला चालणारी नव्हती, म्हणून त्याच्या तोंडी एका चाळिशीच्या नटाचा गुळगुळीत आवाज बसवला. त्या हसण्यापुढे मात्र नटाने हात टेकले. सात वेळा हसून पाहिलं, आठव्यांदा चिडला.

"हे माकड कसं हसतं, ते त्याचं त्यालाच माहीत!"

जेवायची वेळ झाली होती. धक्क्यावरचा मूळ आवाज तिथे तसाच ठेवून सगळे जेवायला गेले.

गावात मी लागलो तेव्हा खुर्च्या कमी पडल्या. पडद्यावर तिमोतेओने तोंड उघडलं मात्र, मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा आपला तिमो की कोर्टातला वकील?"

"सर्दी झालीय रे त्याला, रोमची!"

फिलोमेना उठून उभी राहिली. "तोंड माझ्या पोराचं, आणि बोलतंय कोण मेलं?"

दुसऱ्याच रिळाला ती निघून गेली. तिमोतेओ मान खाली घालून तिच्यामागे गेला. चौथं रीळ दोघांनीही पाहिलं नाही. पेपरवाल्यांनी पाहिलं. चौथ्या रिळात आवाज बिघडलाय, असं त्यांनी लिहिलं; नायक कुठल्या आईला हाक मारतो, असंही विचारलं.

तीन वर्षांनी, फेब्रुवारीत, तिमोतेओची बोट परत आली नाही. सापडलंही काही नाही.

फिलोमेना भेटेल त्याला एकच सांगायची, "चेहरा आहे माझ्याकडे, फोटो आहेत. पण त्याचा आवाज माझ्या कानातून जातोय रे. रोज थोडा थोडा जातोय."

हे साबातिनोने ऐकलं. तो थिएटरात मशीन चालवायचा. त्याच सुमारास माझ्या प्रती परत मागवल्या होत्या, कुऱ्हाडीने तोडायला. पडलेल्या सिनेमाला गोदामात जागा कोण देणार? साबातिनोने सहा डबे पाठवले, पण चौथ्यात दुसरंच भंगार रीळ भरलं. बाकीचा मी तुटलो. राहिलो तो या चौथ्या रिळाएवढाच.

"अगं फिलोमेना, रविवारी चर्चमधून थेट थिएटरात ये," तो म्हणाला.

"त्या परक्या माणसाला ऐकायला? नाही यायची मी."

"एकदा ये. मग हव्या तेवढ्या शिव्या दे."

ती आली आणि रिकाम्या थिएटरात पहिल्या रांगेत बसली. नट बोलत होता तोवर तिने कान झाकून घेतले होते.

"हात काढ!" साबातिनो मागून ओरडला.

तिने हात काढले आणि तिमोतेओ हसला. "ए आई! नेलं गं तुझं ऑम्लेट!"

तिने मागे वळून पाहिलं. मग म्हणाली, "पुन्हा लाव. आणि तो दिवा बंद कर. चित्र नको मला. नुसता आवाज."

साबातिनोने मशीनचा दिवा मालवला. त्या अंधारात मला पहिल्यांदा वाटलं, आपण जन्माला आलो ते बरं झालं.

पुढे दर फेब्रुवारीत, मुलाच्या नावाची प्रार्थना झाली की ती यायची. अशी सव्वीस वर्षं आली. मग ती गेली, मागोमाग साबातिनोही गेला.

आता मी जुने सिनेमे दुरुस्त करणाऱ्या एका खोलीत आहे. फियोरेन्झा नावाची मुलगी मला साफ करते. परवा त्या हसण्यापाशी थांबून तिने कागदावर लिहिलं, 'अकरा सेकंद. आवाजात दोष. काढून टाकणे.' मला पुन्हा ती कुऱ्हाड दिसली.

आज माझा डबा पुसताना तिला तळाशी साबातिनोची चिठ्ठी मिळाली. 'दिवा बंद करून ऐका.' तिला गंमत वाटली. तिने पडदा बंद केला आणि ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग कानांवरचे हेडफोन काढून फोन लावला.

"आई... नाही गं, काही झालं नाही. सहजच केला."

कागदावरची ती ओळ तिने अजून खोडलेली नाही. फियोरेन्झा, माझं बाकीचं हवं ते काप. मी वाईट सिनेमा आहे, हे मला ठाऊक आहे. पण ते अकरा सेकंद राहू दे. त्या पोराचं तेवढंच सापडलंय.