माणिकची गोधडी

भागाबाईच्या पेटीत एक गोधडी आहे आणि ती आजवर कोणाच्या अंगावर पडलेली नाही, हे आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. दिवाळी झाली की ती वर्षातून एकदा बाहेर यायची, घटकाभर ऊन खायची आणि कडुनिंबाच्या पाल्यासकट परत आत जायची. तेवढा वेळही भागाबाई हातात काठी घेऊन शेजारी बसायची. कावळ्यावरसुद्धा बाईचा भरवसा नव्हता.

गोधडी तिची नव्हतीच. ती तिच्या धाकट्या जावेनं, रुक्मानं शिवलेली. आणि रुक्मानं ती शिवली होती आपल्या माणिकसाठी.

मी कांता, रुक्माची शेजारीण. भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हापासूनची. पहिली भट्टी पेटायची होती, आज जिथं क्वार्टर आहेत तिथं नुसती लाल माती उडत होती. आम्ही सगळे विदर्भातून आलेलो. नागपूरच्या दीक्षेला फार दिवस झाले नव्हते, मनात उभारी होती आणि राहायला पत्र्याचे शेड होते. रुक्माचा नवरा श्यामराव आणि भागाबाईचा नवरा जानराव हे सख्खे भाऊ. जानरावानंच धाकट्याला कामावर लावलेलं. त्यामुळे दोन्ही बिऱ्हाडं एका शेडमध्ये, एका चुलीवर, आणि पेटीची किल्ली थोरलीच्या कमरेला.

माणिक पोटात असताना रुक्मानं माहेरी बसून ती गोधडी शिवली होती. आत आईची मऊ लुगडी, वर नवं लाल कापड, आणि धावदोरा असा बारीक की जणू तांदळाचे दाणे ओळीनं मांडलेत. भागाबाईनं ती पाहिली आणि तिचे डोळेच फिरले.

"एवढी नवीकोरी गोधडी पोट्ट्याच्या मुतात घालशीन काय वो?" ती म्हणाली. "ठेव संदुकीत. आपल्या हिराच्या लग्नात देता येईन."

हिरा म्हणजे भागाबाईची मुलगी. तेव्हा ती परकर सावरत धुळीत खेळत होती. तिचं लग्न कुठं आणि गोधडी कुठं. पण नवऱ्याच्या नोकरीचं ओझं डोक्यावर असलं की धाकट्या जावेला तोंड नसतं. गोधडी पेटीत गेली.

मग तो हिवाळा आला. इकडची थंडी ज्यांनी पत्र्याखाली काढली त्यांनाच ती कळते. तीन वर्षांच्या माणिकला ताप भरला, छाती घरघरू लागली. दिवस कलत होता. श्यामराव काँक्रीटच्या कामावर गेलेला. मी त्यांच्या चुलीतला विस्तव न्यायला गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

"बाई, माणिकची गोधडी काढून दे," रुक्मा म्हणाली.

"जुनं फडकं गुंडाळ त्याले. आजारी लेकरू हाय, ओकन, खराब करन. नवी हाय ते."

"थंडीनं काकडून राहिला वो तो."

"मंग आगीजवळ धर."

रुक्मानं तिचे पाय धरले. भागाबाईनं पाय सोडवून घेतले, किल्ली कमरेत आणखी खोल खोचली आणि तांदूळ निवडायला बसली. जानराव तिथंच होता. ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात त्या माणसाचा हात कोणी धरू शकणार नाही. मी पळत जाऊन आमच्याकडचं पोतं आणलं. आमच्याकडे तेवढंच होतं.

माणिक वाचला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरनं निमोनिया सांगितला. गोधडीनं तो वाचला असता की नाही, ते डॉक्टरलाच विचारा. मला विचाराल तर ते पोर कुलपानं मारलं.

लोक रुक्माला समजावायला यायचे. जाऊ दे, अडाणी बाई आहे, तिला काय कळतं, तिनं काय जाणूनबुजून केलं? रुक्मा मान हलवायची. पुढं क्वार्टर मिळाले, दोन्ही भावांची बिऱ्हाडं वेगळी झाली, तरी लाइन एकच राहिली. येता-जाता ती थोरलीला "जेवण झालं का बाई" असंही विचारायची. मला वाटलं, विसरली. मी मूर्ख. रुक्मानं डूख धरला होता आणि डूख धरलेलं माणूस घाई करत नाही.

पासष्टची लढाई झाली. रायपूरच्या पलीकडे पूर्व बंगालातून आलेल्या लोकांची छावणी आधीपासून होतीच. दंगलींनी हाकललेली माणसं आधी आलेली, आता लढाईच्या धाकानं आणखी आली. तंबूंमध्ये लहान लहान पोरं उघडी झोपतात, असं आमच्या विहाराचे प्रमुख भय्याजी पाहून आले आणि त्यांनी घरोघर सांगितलं. आम्ही बायांनी ठरवलं, थंडी पडायच्या आत घरटी एक गोधडी हातानं शिवून द्यायची. ट्रकची सोय भय्याजींनी केली.

या कामाला सगळ्यात पुढं कोण? रुक्मा. माणिक गेल्यापासून जिनं सुई हातात धरली नव्हती, ती दुपारभर विहाराच्या ओसरीवर बसून शिवू लागली. आमचे वाकडे टाके उसवून परत घालायला लावायची. "लेकराच्या अंगाले गाठ टोचन," म्हणायची.

भागाबाईनं हिराच्या हाती आपली गोधडी पाठवली. दोन विटकी धोतरं एकावर एक ठेवून टाचलेली. उजेडात धरली तर पलीकडचं झाड दिसत होतं. आम्ही नाकं मुरडली. रुक्मा मात्र हसली. ते हसू मला काही बरं वाटलं नाही.

हिरा गेल्यावर ती मला म्हणाली, "कांता, तिची पेटी मी तिच्याच हातानं उघडवतो पाह्य. अन् ते गोधडी तिच्याच हातानं लेकराच्या अंगावर टाकवतो. मले तिचं तोंड पाहाचं हाय तवा."

"भांडण होईन वो," मी म्हटलं.

"भांडण कायले? मी तिची तारीफ करतो ना."

आणि तिनं तेच केलं. गोधड्या जमल्या तेव्हा विहारात सभा भरली. हिराचं लग्न दुर्गच्या एका घरात ठरलं होतं. तिची होणारी सासू रुक्माच्या आग्रहानं मुद्दाम आली होती आणि पुढच्याच सतरंजीवर बसली होती. भय्याजींनी दोन शब्द बोलायला सांगितलं तशी रुक्मा उभी राहिली. आवाज अगदी शांत.

"आमच्या मोठ्या बाईजवळ एक गोधडी हाय," ती म्हणाली. "माह्या माणिकसाठी शिवली होती. माणिक गेला. पन बाईनं ते गोधडी कोनाच्याच अंगाले लागू देल्ली नाही. इतके वर्स जिवापाड जपली. आता ते छावनीतल्या लेकराले देऊन राहिली. अशी जाऊ कोनाले भेटते?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांना जुनी गोष्ट माहीत होती त्यांनी माना खाली घातल्या. भागाबाई अर्धवट उठली. "हिराच्या लग्नात..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. तोच विहीणबाईंनी तिचा हात हातात घेतला.

"लय मोठं मन हाय तुमचं, इहीनबाई. आमाले नोको गोधडी. असं घर भेटलं, हेच लय झालं."

भागाबाई खाली बसली. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत ती बाई पहिल्यांदाच कात्रीत सापडली होती.

सभा संपल्यावर आम्ही सगळ्या तिच्या दारात गेलो. तिनं पेटी उघडली, पाला झटकला. गोधडीचा लाल रंग जसाच्या तसा होता. तिनं ती रुक्मापुढं धरली. रुक्मानं हात मागं घेतले.

"तूच घे. देनाऱ्यानं आपल्या हातानं द्याव लागते. उद्या तू बी ट्रकमंधी चाल."

"मी कायले येऊ?"

"इहीन पुसन ना, कोन्या लेकराले देल्ली म्हनून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक निघाला. कुम्हारी गेलं, खारून नदी ओलांडली, रायपूर मागं पडलं. भागाबाई गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. वाटभर रुक्मानं तिच्यावरची नजर काढली नाही.

छावणीत तंबूंच्या रांगाच रांगा होत्या. बाकीच्या बाया वाटपाला लागल्या, पण रुक्मा एकेका तंबूत वाकून पाहत पुढं चालली. मी आणि भागाबाई तिच्यामागं. ती काय शोधत होती ते मला कळत होतं. शेवटी एका तंबूपाशी ती थांबली. आत साधारण तीन वर्षांचं एक पोर आईच्या फाटक्या साडीत गुंडाळलेलं होतं. खोकत होतं. बाजूला विटांची चूल, एक काळा पडलेला टोप आणि पत्र्याची छोटी पेटी. त्यांचा संसार तेवढाच.

"हेच," रुक्मा म्हणाली. "पांघरव याले. माह्यासमोर."

भागाबाई गुडघ्यावर बसली. गोधडी उलगडली, पोराच्या अंगावर टाकली आणि उठून उभी राहिली. तिचा चेहरा दगडासारखा.

"झालं तुह्या मनासारखं?" तिनं विचारलं.

रुक्माला ते तोंड पाहायचं होतं आणि त्या तोंडावर काहीच नव्हतं. मला संताप आला. वाटलं, एवढा घाट घातला, आणि ही बाई जशीच्या तशी.

तेवढ्यात त्या पोराची आई पुढं आली. तिनं गोधडीवरून हात फिरवला, टाके पाहिले. लाल कापड गालाला लावलं. मग हळूच ती पोराच्या अंगावरून काढली, नीट चौघडी केली, पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. पोर पुन्हा त्या साडीत. खोकला चालूच.

"पांघरवा ना वो," मी म्हटलं. तिला मराठी कुठली कळायला? मी हिंदीत सांगितलं. ती लाजून हसली.

"नया है," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "खराब हो जायेगा. घर मिलेगा, तब निकालेगा."

रुक्मा तंबूच्या खांबाला धरून उभी राहिली. त्या आईवर ओरडायचं कसं? तिच्याकडे दुसरं होतं काय जपायला?

हलली ती भागाबाई. तिनं त्या बाईला बाजूला सारलं, पेटी उघडली, गोधडी ओढून काढली आणि बाहेर मातीत टाकली. पायानं लोळवली. मग चुलीतली गार राख दोन्ही हातांनी घेऊन त्या लाल कापडावर चोळली. टोपाचं काळं बूड तिनं गोधडीनंच पुसलं. एक कोपरा दातात धरून टर्रकन फाडला. जिच्यावर कावळ्याची सावलीही तिला चालत नव्हती, त्या गोधडीची तिनं बघता बघता चिंधी करून टाकली. पोराची आई तोंडावर हात ठेवून पाहत राहिली.

"पुरानी हो गई," भागाबाई तिला म्हणाली. तिला धाप लागली होती. "देख. अब पुरानी हो गई. अब रखने के लायक नहीं."

मग गोधडी झटकून ती आत आली. पोराला उचलून मांडीवर घेतलं, पायाच्या बोटांपासून गळ्यापर्यंत घट्ट लपेटलं, गोधडीचा एक पदर त्याच्या डोक्यावरून घेतला, छातीवर दुहेरी घडी केली. कुठून वारा जाईल ते तिला बरोबर ठाऊक होतं. पोर दोनदा खोकलं आणि तिच्या अंगाला टेकून गप्प झालं. आईनं या खेपेला गोधडीला हात लावला नाही.

भागाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गालावर राखेचे ओघळ आले होते. ती रुक्माकडे वळली.

"रुक्मा, त्या दिवशी मी..."

"बोलू नोको," रुक्मा म्हणाली.

परतीच्या ट्रकमध्ये भागाबाई एका कोपऱ्यात तोंड झाकून बसली होती. मी रुक्माजवळ सरकले. मला वाटलं होतं, आता तिचा जीव थंडावला असेल. तिला हवं होतं ते सगळं झालं होतं. पेटी उघडली, गोधडी गेली, थोरली चारचौघांत रडली.

"रुक्मा," मी हळूच म्हटलं, "भेटलं ना तुले पाहाले? आता सोड वो. माफ कर तिले."

रुक्मा मागं पळणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बसली.

"अर्धी माफी मी तिले कवाच देल्ली होती, कांता," ती म्हणाली. "लोकं म्हनत, अडानी बाई हाय, तिले समजलं नाही. मी बी तेच धरून बसली होती. तेवढ्याच्या भरोशावर जगली इतके वर्स." मग तिनं कोपऱ्यात बसलेल्या थोरलीकडे पाहिलं. "आज पाह्यलं ना तू? लेकरू कसं पांघरवाचं, तिले सगळं येत होतं. मी देल्लेली माफी वापस घेतली."