मावशीच्या दाराचा फोटो

त्या शहरात वाद मिटवायचा असला की लोक पेपर काढून पुढ्यात टाकत. पेपर म्हणजे एकच. दुसरेही दोन-तीन निघायचे, पण ते फळ्यांवर अंथरायला आणि काचा पुसायला. वाचायचा तो हा. मावशीचे यजमान जन्मभर बस चालवून आता घरी बसले होते. त्यांचं म्हणणं ठरलेलं, "आपल्या पेपरात आलंय ना, मग ती काळ्या दगडावरची रेघ." हवामानाचा अंदाज चुकला तर ते आभाळाला नावं ठेवत, पेपरला नाही.

मावशी घरीच पाळणाघर चालवायची. रस्त्याला लागून दोन खोल्या, भिंतीकडेने छोट्या गाद्या, खिडकीला जाळी, दारावर 'चिमणपाखरं' अशी पाटी. मुलं तिला मावशी म्हणत, म्हणून त्यांच्या आयाही मावशी म्हणत, आणि हळूहळू सगळी गल्लीच तिची भाची होऊन बसली होती.

एका सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस दारात आला.

"चिमणपाखरं हेच ना?"

"हेच की. आत या."

"आत नको. पेपरकडून आलोय. बाहेरून एक फोटो हवाय."

मावशीला काय करू नि काय नको झालं. तिने दारातले चिमुकले बूट ओळीने लावले, पायपुसणं झटकलं. स्वतः मात्र बाजूला झाली. केस विंचरलेले नव्हते. फोटो काढून माणूस घाईत निघून गेला. यजमानांना कळलं तेव्हा त्यांची छाती फुगली. "बघ, कुठे चांगलं काम चाललंय ते त्यांना बरोबर कळतं."

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला आणि यजमानांचा चहा तसाच निवत राहिला. मावशीने विचारलं, "आलाय का हो?" त्यांनी पेपर तिच्याकडे सरकवला. पहिल्याच पानावर मथळा होता, 'पाळणाघरात मुलांना झोपेचं औषध, संचालिकेला अटक'. त्याखाली मावशीचं दार. बूट कसे छान ओळीत दिसत होते.

बातमी खरी होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याच नावाचं आणखी एक पाळणाघर होतं. तिथली बाई मुलं गप्प राहावीत म्हणून त्यांच्या दुधात औषध घालायची आणि पोलिसांनी तिला पकडलंही होतं. फोटोवाला रस्ता विचारत विचारत नेमका चुकीच्या 'चिमणपाखरं'पाशी पोचला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

त्या दिवशी एकही मूल आलं नाही. एकाचे वडील मुलाची पिशवी न्यायला आले, ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"अहो, ती बाई दुसरी," मावशी म्हणाली. "तिला अटक झालीय. मी तर ही तुमच्यासमोर उभी आहे."

"मग पेपरात दार तुमचं कसं?" त्यांनी विचारलं. ते भांडायला आले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

दुपारी यजमान बराच वेळ जेवणाच्या ताटात बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "एक विचारू? एखादं पोर फार रडलं, तर तू कधी... म्हणजे सर्दीबिर्दीचं औषध वगैरे?"

घरात मूल आलं की या माणसाला मावशी खोकूही देत नसे, आणि तोही बिचारा तोंडावर रुमाल धरून मागच्या दाराने जाई. त्यालाच आज विचारावंसं वाटलं होतं.

"नाही," ती म्हणाली, आणि ताटं उचलली. यजमान लगेच म्हणाले, "मला ठाऊकच होतं." पण विचारून झालं होतं.

दोघं पेपरच्या कचेरीत गेली. संपादक भला माणूस निघाला. त्याने दोघांना बसवलं, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाला, "चूक आमचीच आहे. उद्याच खुलासा छापतो."

"पहिल्या पानावर छापा," मावशी म्हणाली. "तोच फोटो घाला आणि खाली लिहा, की ही ती नव्हे."

"मावशी, फोटो परत छापला तर लोकांना फोटोच लक्षात राहील. खुलासा कोण वाचतो?"

हे तो तिच्या भल्यासाठीच सांगत होता. त्यामुळे तिला भांडताही येईना.

खुलासा आला, आतल्या पानावर, भाड्याच्या जागांच्या जाहिरातींशेजारी: त्या बातमीसोबत अनवधानाने अन्य संस्थेचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, दिलगीर आहोत. यजमानांनी ते कात्रण खिशात घातलं आणि गल्लीभर दाखवत फिरले. लोकांनी वाचलं, मानही हलवली. पण कोपऱ्यावरचा शिंपी त्यांचा जुना दोस्त होता, त्याने दुसऱ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. "एवढा मोठा पेपर, दार चुकेल होय? कुणाकडून तरी शब्द टाकून घेतला असेल तुम्ही. चांगलं केलंत. आपल्या माणसासाठी करावंच लागतं."

पेपरवर लोकांचा एवढा विश्वास, की पेपरने स्वतः चुकलो म्हटलं तरी ते कुणाला पटेना.

एकच मूल परत आलं. त्याची आई नर्स होती, एकटी होती, आणि तिला दुसरा इलाजच नव्हता. ती मुलाबरोबर पाण्याची बाटली, दूध, खाऊचा डबा, सगळं घरून द्यायची. "मावशी, माझा विश्वास आहे तुमच्यावर," रोज दारात सांगायची, "फक्त याला इथलं काही देऊ नका."

मावशी इथलं काही देत नसे. पण दुपार झाली की त्या पोराचे डोळे मिटायला लागत, आणि आईने त्याला झोपलेलं पाहिलं तर, हे मावशीच्या मनात येई. ती त्याला उचलून खिडकीशी नेई, गाणी म्हणे, तोंडावर पाण्याचा हात फिरवी. पोर पेंगत रडे. "नको रे राजा, झोपू नको, आई येईपर्यंत जागा राहा," ती विनवायची. मुलांना थोपटून निजवण्यात तिचा हातखंडा होता. आता त्याच हाताने ती एका लेकराची झोप मोडत होती.

एके दिवशी तिला ते बघवेना. तिने त्याला मांडीवर घेतलं, आणि तो क्षणात गाढ झोपला. नेमकी त्याच दिवशी नर्स लवकर सुटली. आत येऊन तिने पाहिलं, आणि मुलाला गदागदा हलवू लागली. पापण्या वर करून पाहिल्या, तोंडाचा वास घेतला. पोर दचकून जागं झालं आणि भोकाड पसरलं. तेव्हा ती खाली बसली आणि स्वतःच रडायला लागली.

"तुमचं काही चुकलं नाही मावशी," ती म्हणाली. "पण मला हे रोज झेपणार नाही."

मावशीने मुलाची बाटली आणि डबा पिशवीत घालून दिला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

पुढे मावशीने दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत काम धरलं, घरापासून लांब, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. काम जड होतं, पण बोलावं लागत नसे. यजमान घरीच असत, आणि दिवसेंदिवस कमी बोलत. त्या दुपारच्या प्रश्नाबद्दल त्यांना काहीतरी सांगायचं असावं, पण ते विषय काढायला जात आणि मग भाजीचं विचारत.

लाँड्रीत एक तरुण बाई तिच्या जोडीला होती. चादरीची घडी घालता घालता ती एकदा म्हणाली, "पोरीला कुठे ठेवू कळत नाही हो. पाळणाघरावर भरवसाच राहिला नाही. ती मेली औषध पाजायची ना मुलांना, वाचलं होतंत? दार काय छान होतं हो तिचं. बघून कुणाला वाटलं असतं?"

यंत्रांचा आवाज चालू होता. मावशीच्या ओठांपर्यंत सगळं आलं. दुसरं पाळणाघर, चुकलेला फोटोवाला, आतल्या पानावरचा खुलासा. मग या पोरीचा चेहरा कसा बदलेल, तेही तिला दिसलं. आजवर सगळ्यांचा बदलला तसाच.

"हो," मावशी म्हणाली. "वाचलं होतं मी."

आणि तिने पुढची चादर उचलून एक टोक तिच्या हातात दिलं.