न आलेल्यांचे माप

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. शिंप्याच्या दुकानात, गुंड्यांच्या खणात, तोंड खाली करून पडलेला असतो. माझी काच उजव्या कोपऱ्यात तडकली आहे, पण मी तोंड लपवतो ते त्यामुळे नाही. मला लाज वाटते. कशाची, ते आज सांगूनच टाकतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुली ओळीने बसल्या होत्या. एकीने माझ्यात कॅमेरा बसवला, दुसरीने काच लावली आणि तिसरीने मला उजेडात धरून ‘ठीक’ म्हणून पुढे सरकवले. त्या एका शब्दाचा मला फार दिवस गर्व होता.

मला विकत घेतले ते मास्तरांनी. शिवणकामात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. अंदाजाने कात्री चालवायची नाही, हा त्यांचा नेम. गिऱ्हाईक वीस वर्षांचे जुने असले, तरी टेप गळ्यातून काढून नव्याने माप घेत. “माणूस तोच असतो, पोट तेच नसतं,” असे म्हणत.

त्यांच्याकडे माझे दिवस सुखात गेले. मी मापांच्या वहीचे फोटो सांभाळले. फरशीवर पडलेली सुई शोधायला उजेड दिला. दोनशे गिऱ्हाइकांचा एक गट माझ्यावर चाले. ‘शर्ट तयार आहे’, ‘बाही आखूड केली आहे’, असे निरोप मी पोचवत असे. “हा मोबाइल म्हणजे माझा डावा हात आहे,” असे मास्तर बायकोला सांगत. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. वहिनी म्हणाल्या, “बरं झालं. उजवा तरी घरकामाला मोकळा राहील.”

मग निवडणूक आली. मास्तरांची मोठी बहीण, ताई, वॉर्डातल्या दवाखान्यात तीस वर्षे परिचारिका होती. दोन खाटांचा तो दवाखाना बंद करायचे घाटत होते. तो वाचावा एवढ्यासाठीच निवृत्त ताई उभी राहिली. गुडघा दुखत असतानाही ती दारोदार फिरली. फक्त कारखान्यामागची गल्ली राहिली होती. ती शेवटच्या दोन दिवसांत करायची असे तिने ठरवले होते.

त्याच सुमारास मास्तरांनी माझ्यावर एक जनमत चाचणी उघडली. ‘आपल्या वॉर्डात कोण निवडून येणार?’ असा प्रश्न, खाली दोन नावे, नावावर बोट टेकायचे. चाचणी गटात टाकली आणि मास्तर कपडा बाजूला सारून माझ्याकडे बघत बसले. ताईची हिरवी पट्टी सरसर वाढू लागली. मला तेव्हा फार मोठे झाल्यासारखे वाटले. सगळा वॉर्ड माझ्या काचेवर उतरला आहे, असा माझा समज झाला.

मित्रांनो, आता लाजेची गोष्ट. मला सगळे दिसत होते. मास्तरांनी स्वतः एकदा मत दिले. मग त्यांच्या लक्षात आले की त्या चाचणीची माझी आठवण पुसली की मी त्यांना ओळखत नाही आणि पुन्हा मत घेतो. तसे त्यांनी नऊ वेळा केले. नऊही वेळा मी पाहुणा आल्यासारखे त्यांचे स्वागत केले. चाचणी गटातून बाहेर गेली. वहिनींच्या परदेशातल्या भावाने मत दिले. मावसभावंडांनी दिले. ज्यांना दुधाचे दात होते त्यांनीही दिले. एकूण सहाशे चौदा मते पडली आणि ताईला त्र्याऐंशी टक्के मिळाले. मी खोटे काही बोललो नाही. बोटे टेकली तेवढी मोजली. पण कोणाचे बोट, कुठले, कितव्यांदा, हे मी सांगितले नाही, कारण मला कोणी विचारले नाही. गप्प राहून माणसाला फसवता येते, हे मी त्या दिवशी शिकलो.

वहिनी तेवढ्या म्हणाल्या, “बाजारात तुरी असा प्रकार आहे हा.” मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

दुपारी ताई दुकानात आली. पायात चपला घालूनच उभी होती, कारखान्यामागच्या गल्लीत निघाली होती. मास्तरांनी मला तिच्यापुढे धरले.

“ताई, हे बघ. त्र्याऐंशी. आता कशाला पाय झिजवतेस? घरी जा, गुडघा शेकत बस.”

“खरं आहे का रे छोट्या हे?”

“आकडा आहे, ताई. आकडा कशाला खोटं बोलेल?”

ताईने चष्मा लावून मला नीट पाहिले. मी हिरवागार झळकत होतो. ती बाकावर बसली, चपला काढल्या आणि गुडघा चोळू लागली. मास्तरांनी ते प्रेमाने केले होते, म्हणून तर जास्त वाईट वाटते.

ताई सत्तावीस मतांनी हरली.

निकालानंतर गटात हळहळीचा पूर आला. त्यातच एकेक कबुली येऊ लागली. ताई येणारच म्हणून अमका मतदानाला गेला नाही, तमका पाहुण्यांकडे निघून गेला. चाचणीत बोट टेकले होते, तेवढ्यात त्यांचे समाधान झाले होते.

मागच्या गल्लीचे कळले ते इस्त्रीवालीकडून. ती त्याच गल्लीत राही आणि मास्तरांचे शिवलेले कपडे रोज इस्त्री करून आणून देई. तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता, त्यामुळे ती गटात नव्हती. तिची गल्ली तयार कपडे घालणारी. तिथले कोणीच मास्तरांकडे शिवायला येत नसे, म्हणून कोणीच गटात नव्हते.

“आमच्याकडे दुसरा उमेदवार आला होता,” ती म्हणाली. “बसला, चहा प्यायला. ताईंची वाट बघितली आम्ही. माझा हात भाजला तेव्हा महिनाभर मलमपट्टी त्यांनीच केली होती. मी दिलं त्यांना मत. पण बाकीचे म्हणाले, ज्यांना आपलं दार माहीत नाही त्यांना कशाला द्यायचं?”

“मला आधी सांगायचं नाही का?” मास्तर म्हणाले.

“तुम्ही विचारलंत कुठे? मी तर रोज येते.”

संध्याकाळी मास्तर ताईची माफी मागायला गेले. मी खिशात होतो. ताई रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, “मला कोणी हरवलं नाही रे. मी गेलेच नाही.”

दोन महिन्यांनी दवाखान्याला कुलूप लागले. इस्त्रीवालीला आता हात भाजला तर दोन बस बदलून जावे लागते. त्याच आठवड्यात मास्तरांनी मला या खणात ठेवले.

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या काचेवर अशी पट्टी वाढताना दिसली तर गंमत म्हणून जरूर बघा. पण तिच्या भरवशावर कोणाच्या पायातल्या चपला काढायला लावू नका. आधी विचारा, यात कोण आले आणि कोण आलेच नाही. विचारल्याशिवाय आम्ही सांगत नाही, ही आमची जात आहे.

काल दुकानात एक गृहस्थ कापड घेऊन आले. भावाचा शर्ट शिवायचा होता. “तो काही येत नाही, पण साधारण माझ्याएवढाच आहे,” ते म्हणाले. “माझ्याच मापाने बेता.”

मास्तरांनी कापड घडी करून परत दिले. “त्यांना घेऊन या,” ते म्हणाले. “नाहीतर पत्ता द्या, मी जातो.”

मग गुंडी काढायला त्यांनी खण उघडला. मी तोंड खाली करून पडलो होतो, तसाच राहिलो.