चढावर गळणारं इंजिन

टँकर पुन्हा गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. खाली उतरला, वाकून इंजिनाच्या पोटाखाली बोट फिरवलं आणि ते काळं बोट वर धरूनच आत आला, जसा काही कोर्टात साक्षीदार हजर करतोय.

"मालकीणबाई, बघा. गळतंय ते गळतंयच."

मालकीणबाई दाराशी लोखंडी खुर्चीत बसली होती. नवरा गेल्यापासून खुर्चीही तिची आणि गॅरेजही तिचं. शाळेचं तोंड तिने फारसं पाहिलं नव्हतं, पण आवाज ऐकून इंजिनाला कुठे दुखतंय ते सांगायची, आणि माणसाला कुठे दुखेल तेही तिला बरोबर कळायचं.

"बोट काय नाचवतोस? तुझं बोट बघून इंजिन लाजणार आहे का?" असं त्याला सुनावून तिने आत हाक मारली, "धाकट्या, ये बाहेर! तुझी कीर्ती चालून आलीय दारात."

धाकटा मुलगा चिंधीला हात पुसत आला. या टँकरपायी त्याच्या पाठीचा काटा ढिला झाला होता. ऑइल इंजिनाच्या मागून, खालून ठिबकायचं, म्हणून त्याने दोनदा गिअरबॉक्स उतरवून तेल अडवणारा क्रँकचा मागचा सील बदलला होता. गॅरेजच्या फरशीवर इंजिन तासभर चालवलं तरी थेंब पडायचा नाही. पाणी भरून टँकर दवाखान्याच्या चढाला लागला, की टप टप सुरू.

"दवाखान्यावाल्यांनी आज शेवटचं सांगितलंय," ड्रायव्हर म्हणाला. "काल फाटकापाशी एक बाई घसरून पडली. आजारी माणसाला भेटायला आलेली, स्वतःच खाटेवर गेली. पुन्हा डाग दिसला तर टँकर आत घेणार नाहीत."

मालकीणबाईने धाकट्याकडे पाहिलं. "थोरला असता तर ही वेळ आली नसती. त्याचा हात लागलेल्या इंजिनाने कधी थेंब सांडला नाही. आणि तू! नाचता येईना अंगण वाकडं."

हे ती रोज म्हणायची. थोरला मुलगा तापाने गेला, त्या दिवसापासून त्याच्या हाताला अमृताची चव आली होती. गल्लीतले लोक पाठीमागे म्हणायचे, मेल्या म्हशीला मणभर दूध. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"आई, वरचं झाकण एकदा उघडून बघू दे," धाकटा म्हणाला.

"त्याला हात लावायचा नाही. ते थोरल्याने बसवलंय."

तेवढं मात्र खरं होतं. या टँकरचं वरचं झाकण उघडून त्याने नवीन पॅकिंग घातलं होतं, आणि त्यानंतर तो अंथरुणाला लागला तो उठलाच नाही. त्याचा पाना शेवटचा फिरला तो त्या झाकणावर. त्यावर दुसऱ्याचा पाना फिरलेला तिला सोसणार नव्हता. म्हणून धाकटा दर वेळी खालीच शोधत राहिला होता.

"ऐक," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आज शोध. आज थेंब पडला तर किल्ल्या या खुर्चीवर ठेवायच्या आणि चालू लागायचं. मी गॅरेजला कुलूप घालीन, पण बापाचं नाव असं ठिबकू देणार नाही."

धाकट्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं," म्हणाला. एवढंच.

केबिन पुढे कलंडवली. त्याने डिझेल मारून इंजिन धुतलं, पुसलं, कोरडं केलं. मग मालकीणबाईने थोरल्या सुनेला घरातून पावडरचा डबा आणायला सांगितलं. सून विधवा झाल्यापासून घरातून गॅरेजात वस्तू आणून द्यायची आणि न बोलता परत जायची. धाकट्याने इंजिनाच्या मागच्या अंगाला सगळीकडे पावडर फुंकली. तेल खोटं बोलतं, पण पावडरीवरून चाललं की पाय उमटतात, असं मालकीणबाईचा नवरा म्हणायचा. इंजिन नव्या बाळासारखं पांढरं झालं.

भरलेला टँकर चढ चढून परत आला. केबिन पुन्हा कलंडली. धाकटा बॅटरी घेऊन खाली शिरला आणि बराच वेळ खालीच राहिला.

"झोपलास का रे?"

"आई, सील कोरडा आहे." मग थांबून म्हणाला, "वरून येतंय. झाकणाच्या मागच्या कोपऱ्यापासून काळी रेघ उतरलीय."

ड्रायव्हर उगाच टायरला लाथ मारून हवा बघायला लागला.

"वरून येणारच नाही," मालकीणबाई म्हणाली.

धाकट्याने वर येऊन हात घालून पाहिला. हवेच्या जाड पाइपामागे त्याचा पंजा शिरेना. "पाइप सोडतो."

"काही सोडू नकोस. मीच दाखवते तुला, कोरडं आहे ते."

ती स्टुलावर चढली. बाही वर करून तिने पाइपामागे हात घातला. वयाने सुकलेला तो हात आत सहज गेला. लोखंड तापलेलं होतं, पण तिने चेहरा हलू दिला नाही. बोटांनी चाचपत ती कोपऱ्यातल्या बोल्टापर्यंत पोचली. बोल्ट जागेवर होता. घट्ट आहे हे सगळ्यांना सांगता यावं म्हणून तिने तो नीट दाबून पाहिला, आणि हलणारा दुधाचा दात निघावा तसं त्याचं डोकं तिच्या चिमटीत निघून आलं.

नुसतं डोकं. खाली दांडा नाही. दांड्याच्या जागी वाळून कडक झालेल्या पॅकिंग पेस्टचा एक करडा गोळा.

कुणी सांगायची गरजच नव्हती. आवळताना बोल्ट तुटला होता आणि दांडा आत भोकात राहिला होता. थोरल्याने तुटकं डोकं पेस्टने वर चिकटवून ठेवलं होतं, बघणाऱ्याला अख्खा बोल्ट दिसावा म्हणून. पेस्ट मऊ होती तोवर निभावलं. मग उष्णतेने ती कडक झाली, तडकली, आणि चढावर मागे साचणाऱ्या तेलाला वाट मिळाली.

तिने मूठ मिटली. झाकली मूठ सव्वा लाखाची. बोटं जरा सैल केली असती तर ते डोकं कुठल्या तरी फटीत जाऊन पडलं असतं. पॅकिंग जुनं झालं म्हणायचं, की थोरला होता तसाच लखलखीत राहिला असता.

"काय लागलं, आई?" धाकट्याने विचारलं.

ती वळली. तो तिच्या मुठीकडे बघतच नव्हता. कमरेची किल्ल्यांची कडी सोडत होता. तिने आत काय शोधलं हे कळायच्या आधीच त्याने ते आपल्या माथी घेतलं होतं.

"इकडे ये," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "धर. तुझ्या दादाचं काम आहे हे."

धाकट्याने ते डोकं तळहातावर उलटं-सुलटं केलं. बरं झालं, असं त्याच्या चेहऱ्यावर कुठे दिसेना. असतं तर तिला भांडता तरी आलं असतं.

"दादाने असं का केलं असेल?" तो हळू म्हणाला. "मला सांगितलं असतं तर दोघांनी मिळून काढला असता. बोल्ट कुणाकडून तुटत नाही?"

"त्या दिवशी ते जेवले नव्हते."

सगळे वळले. थोरली सून अजून दारातच उभी होती, पावडरचा डबा पोटाशी धरून.

"म्हणाले, माझ्याकडून बोल्ट तुटला. मी म्हटलं, आईंना सांगा. तर म्हणाले, तू ऐकलं नाहीस का? बोल्ट तोडणारा मेकॅनिक आणि भांडी फोडणारी सून..."

पुढचं तिने सोडून दिलं. वाक्य मालकीणबाईचंच होतं. दोन्ही घरात ठेवू नयेत, असं त्याचं शेपूट. धाकट्याने एकदा चाकाचा बोल्ट तोडला, तेव्हा भर गॅरेजात तिने ते फेकलं होतं. गिऱ्हाइकं पोट धरून हसली होती. थोरला तिथेच बॅटरी धरून उभा होता. तोही हसला होता.

"टँकर परत आला की गुपचूप काढून टाकतो, म्हणाले होते," सून म्हणाली. "मग ताप आला."

"आणि तू इतके दिवस तोंड शिवून बसलीस?"

"कुठला बोल्ट, कुठली गाडी, मी विचारलं नव्हतं. आणि तुमच्यापुढे, आई, या घरात कोण आपणहून बोलतं?"

मालकीणबाई स्टुलावरून उतरली. उतरताना कुणी हात पुढे केला नाही, आणि तिने मागितलाही नाही.

धाकट्याने पाइप सोडला, झाकण काढलं. आत राहिलेल्या दांड्याला मधोमध भोक पाडलं, त्यात उलट्या आट्यांचा पेच घालून दांडा सावकाश फिरवत बाहेर काढला. आटे साफ केले, नवीन पॅकिंग बसवलं, नवीन बोल्ट लावला. आवळताना त्याचा हात जिथे थांबायला हवा तिथे थांबला. ती बघत होती. इतकी वर्षं हा हात तिने पाहिलाच नव्हता.

पुन्हा पावडर, पुन्हा भरलेला टँकर, पुन्हा चढ. परत आल्यावर इंजिन पांढरं ते पांढरंच. ड्रायव्हरने खालून बोट फिरवून कोरडं बोट दाखवलं, काहीतरी गंमत करायला तोंड उघडलं, घरच्यांचे चेहरे पाहिले आणि गप गाडी काढून निघून गेला.

धाकट्याने किल्ल्या खुर्चीवर ठेवल्या.

"उचल त्या," ती म्हणाली. "थेंब पडला तर म्हटलं होतं मी. पडला का?"

"नाही पडला. पण मी जातोय, आई. टँकरवाल्यांच्या यार्डात मेकॅनिक हवाय. ड्रायव्हर कधीचा मागे लागलाय. मघाशी टँकर चढावर निघताना हो म्हटलं त्याला."

"मी लपवलं का ते डोकं? टाकलं असतं फटीत तर? तुझ्या हातात दिलं ना?"

"दिलंस. म्हणून तर निघताना मनात काही नाही." तो म्हणाला. "दादा तुझा लाडका होता, तरी त्याची ही गत. मी राहिलो तर उद्या मीही एखादं डोकं चिकटवेन."

तिने तोंड उघडलं. राहा, एवढंच म्हणायचं होतं. एवढासा शब्द, पण जन्मभर धार लावलेली जीभ तिकडे वळेना.

"जाताना पाने पुसून ठेव," ती म्हणाली. "तेलकट ठेवलेस तर धूळ बसते."

धाकटा खाली बसला, कोरडी चिंधी घेतली, आणि मोठ्यापासून लहानापर्यंत एकेक पाना पुसून ओळीने मांडायला लागला. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. पाने आणखी थोडे जास्त असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.