आळशी हंडीचा तिसरा शुक्रवार

लतीफभाईंनी फर्मान काढलं ते नळी चोखता चोखता.

"तीन शुक्रवार देतो. तेवढ्यात या घरचा रस्सा पहिल्यासारखा झाला नाही, तर मेहरूननं कारखान्याला सलाम ठोकायचा. बस."

लतीफभाई म्हणजे मेहरूनचे थोरले दीर. राहायला पलीकडच्या गल्लीत, पण सासरे गेल्यापासून त्यांचा हुकूम चालायचा इथे. रायलंड्स मोहल्ल्यातल्या या घरात दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर अख्खं खानदान जेवायला जमायचं. अकरा माणसं, आणि ताटात ठरलेला बीफचा दाट रस्सा, नळीसकट, त्यात मुठीएवढाले बटाटे. अकरा वर्षं तो मेहरूननं सकाळी नवापासून शेगडीपुढे उभं राहून रांधला. तेव्हा एकानंही 'छान झालाय' म्हटलं नव्हतं. आता ती सॉल्ट रिव्हरच्या कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलाची प्रमुख झाली, साडेसातला तिथे हजर राहायला लागली, आणि एकाएकी सगळ्यांना त्या रश्श्याची थोरवी कळली. माणसाची जात अशीच.

नवरा शौकत भावापुढे तोंड उघडायचा ते फक्त घास घालायला. त्याच्याकडून काही आशा नव्हती. सासू, म्हणजे माय, ती तर ऐंशीची. तीन दातांवर घास घोळवत ती गप्प बसून राहायची. ती कोणाच्या बाजूनं होती ते मेहरूनला कधी कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

पण नोकरी ती सोडणार नव्हती. त्या टेबलावर ती कापडाचे चाळीस थर एका रेषेत कापायची आणि वीस बायका तिच्या शब्दावर थांबायच्या. घरात तिच्या शब्दावर मांजरसुद्धा थांबत नसे. म्हणून तिनं विजेवर मंद शिजवणारा स्लो कुकर आणला. पहाटे भरून ठेवायचा, बटण फिरवायचं, दुपारी रस्सा तयार.

मायनं त्या भांड्याभोवती एक फेरी मारली. "ना आवाज, ना वाफ. ही कसली हंडी? ही तर आळशी हंडी."

पहिल्या शुक्रवारी मेहरूननं स्वतःच माती खाल्ली. अकरा वर्षांची सवय, हात आपोआप चालला आणि गोश्तावर चार बोटं पाणी पडलं. शेगडीवर ते आटलं असतं. या बंद भांड्यातून थेंबभर वाफ बाहेर पडत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

लतीफभाईंनी पळी वर धरून रश्श्याची धार सोडली. "शौकत, हे जेवायला वाढलंय की वजूला, हातपाय धुवायला?"

दुसऱ्या शुक्रवारी तिनं पाणी घातलंच नाही. बटाटे तळाला लावले, कारण आच तिथेच असते. रस्सा मस्त दाट झाला, रंग आला, आणि गोश्त मात्र चावता चावेना. पोरं तर घास गालात धरून बसली. लतीफभाई म्हणाले, "टायर घातलाय का यात? एकच राहिला आता, मेहरून."

कारखान्यातली फझिला याच पद्धतीनं, असल्याच कुकरमध्ये रांधायची आणि तिचं गोश्त हाडावर टिकत नसे. "तुझं भांडंच खराब दिसतंय," ती म्हणाली. मेहरूनलाही तेच वाटलं. पण बदलून आणायला वेळ कुठे होता?

तिसऱ्या शुक्रवारी ती साडेचारला उठली. कांदा काळपट लाल होईतो परतला, त्यात दालचिनी, वेलची, आलं-लसूण, मसाल्याच्या दुकानातलं तिखट, शेवटी टोमॅटो. तेल सुटल्यावर त्यात गोश्त भाजून घेतलं, कुकरमध्ये बटाट्यांवर रचलं, काचेचं झाकण बसवलं आणि हलकी आच लावून टाकली. साडेसहाला ती टॅक्सीच्या थांब्यावर उभी होती. पिशवीत हात घातला तर कात्री नाही.

आता कटिंगवाली आपली कात्री कोणाला देत नाही आणि दुसऱ्याची हातात धरत नाही. ती तशीच मागे फिरली. सुटलेल्या वाऱ्यात डोक्यावरची ओढणी सांभाळत घर गाठलं, मागच्या दारानं आत शिरली, आणि जागच्या जागी थांबली.

माय कुकरपुढे उभी होती. एका हातात काचेचं झाकण, दुसऱ्या हातात तसबीहची माळ. भांड्यातून भकाभका वाफ वर जात होती. माय डोळे मिटून पुटपुटत होती.

"या अल्ला, पोरीची लाज राख. लतीफचं तोंड बंद कर. मला शाळेनंतर शिकायचं होतं, कोणी शिकवलं नाही. हिचं काम हिच्याकडे राहू दे. गोश्त मऊ कर, माझ्या रब." मग तिनं वाकून भांड्यात दुआची तीनदा फुंकर घातली आणि झाकण अलगद ठेवलं.

मेहरूनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि त्याच क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला.

"माय... तुम्ही हे किती वेळा करता?"

माय दचकली. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला तिचा. "अर्ध्या अर्ध्या तासानं. दर शुक्रवारी. तुला सांगू नये म्हटलं, दुआ सांगितली की तिची बरकत जाते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आठवडाभर मेहरून भांड्याला शिव्या देत होती. हसावं की रडावं तिला कळेना. तिनं दोन्ही केलं. मग मायला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या गुडघ्यांशी बसली.

"माय, या भांड्याची आच लहान मुलाच्या झोपेसारखी आहे. एकदा मोडली की परत लागायला अर्धा तास जातो. तुम्ही अर्ध्या अर्ध्या तासानं उघडता, मग ते शिजणार कधी?"

माय पांढरीफटक पडली. "म्हणजे तुझं गोश्त मी कडक ठेवलं?"

"तुमच्या मायेनं ठेवलं."

"मग फुंकर कशी घालू?"

"काचेतून दिसतंय ना सगळं? मग अल्लाला ती काच आड येईल का? दुआ वरूनच करा. फक्त झाकण उघडू नका."

मायनं तसबीहचा एक मणी पुढे ढकलला. "बरोबर आहे. फुंकर अडेल, दुआ नाही अडायची."

मेहरूननं बटण मोठ्या आचेवर फिरवलं, कात्री उचलली आणि पळाली. वाटेत मागे वळून पाहिलं तर खिडकीतून दिसलं: मायनं आपली ओढणी झाकणावरून घेऊन भांड्याच्या दोन्ही कानांना गच्च बांधली होती आणि हातात लाकडी पळी घेऊन खुर्ची कुकरसमोर ओढली होती.

शुक्रवारचा कारखाना साडेबारालाच सुटला. मेहरून घरी आली तेव्हा माय तशीच बसलेली, आणि दारात लतीफभाई, डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं चोळत.

"नमाजाला जाताना जरा पाव बुडवून बघायला आलो," ते कुरकुरले. "दर शुक्रवारी बघतो. आज मायनं पळी हाणली! पन्नाशीच्या माणसाला!"

"हात धुऊन ताटावर बस, तिथे वाढीन," माय म्हणाली. "आणि नमाजाला उशीर होतोय तुला."

पावणेदोनला पुरुषमंडळी मशिदीतून परतली. मायनं ओढणीची गाठ सोडली. झाकण निघालं आणि तो वास दाराबाहेर गल्लीत गेला. मेहरूननं पळी घातली, तर हाड एकटंच वर आलं. गोश्त खाली रश्श्यात राहिलं होतं.

सगळ्यांनी ताटं पुढे केली. पोरांनीसुद्धा. मायनं तीन दातांनी पहिला घास घेतला, तो चावावाच लागला नाही, आणि ती खुदकन हसली. शौकतनं पहिल्यांदाच घास घालण्याखेरीज तोंड उघडलं. "भाई, हा माझ्या आठवणीतला सगळ्यात चांगला रस्सा आहे," तो म्हणाला, जरा मोठ्यानंच.

सगळे लतीफभाईंकडे बघत होते. त्यांनी बटाटा मोडला, रश्श्यात कालवला, खाल्ला. ताट पुढे केलं. परत खाल्लं. तिसऱ्यांदा ताट पुढे करताना त्यांना कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना.

"नळी आहे का अजून एक?" ते पुटपुटले.

"आहे," मेहरून म्हणाली, पण पळी हवेतच धरून ठेवली. वीस बायका जिच्या शब्दावर थांबतात ती बाई आज पहिल्यांदा या घरात बोलत होती. "आधी सोमवारचं बोला, भाई. मी कामावर जायचं की नाही?"

"जायचं, जायचं. मी कधी नाही म्हटलं?"

जेवणघरात असा हशा उसळला की लतीफभाईंच्या बायकोला ठसका लागला. मेहरूननं सगळ्यात मोठी नळी त्यांच्या ताटात ठेवली. छाती आनंदानं भरून आली होती आणि तो आनंद लपवायची तिला काहीएक गरज वाटली नाही.

भांडं पोरांनी पावानं पुसून चकचकीत केलं. सगळे उठल्यावर माय हळूच कुकरपाशी गेली. इकडेतिकडे पाहून तिनं झाकण उचललं, त्या रिकाम्या भांड्यावर वाकली, ओठ हलवले आणि पोटभर श्वास घेऊन तीनदा फुंकर घातली.

"रिकामं आहे माय ते," मेहरून दारातून म्हणाली.

"म्हणून तर," माय म्हणाली. "पुढच्या शुक्रवारची आत्ताच घालून ठेवते."

आणि तिनं झाकण घट्ट बसवलं.