तास भरताना

लिओराने बटण दाबलं तसा पडद्यावर प्रश्न आला, ही फाइल कायमची पुसायची का? तिने 'नाही' केलं. मग फाइल उचलून बाजूच्या एका फोल्डरमध्ये ठेवली.

"पुसायला सांगितलंय ना सिस्टर व्हर्डाने?" वडिलांबरोबर चर्चचं रेडिओ स्टेशन चालवणारा गेलन ब्रंक मागून म्हणाला. चर्चमधले सगळे तिच्या आईला सिस्टर म्हणत.

"रेडिओवरून काढ म्हणाली आई. पूस नाही म्हणाली."

"वकील व्हायला हवं होतंस तू. उगाच शाळेत पोरांना इतिहास शिकवत बसलीस."

ती हसली नाही, पण खुर्ची वळवून तिने त्याच्या हातातल्या दोन कॉफीच्या पेल्यांतला एक घेतला. चर्चच्या मागच्या या खोलीत वडिलांच्या खुर्चीचं एक चाक अजून अडत होतं. हेडफोनच्या फुटलेल्या कडेवर त्यांनीच गुंडाळलेली चिकटपट्टी होती.

फाइलमध्ये एवढंच होतं: "डब्ल्यू-क्यू-व्ही-एच, कोल्ड फोर्ड." वडिलांचा, ओर्व्हिल शोवॉल्टरचा आवाज, ना गोड ना भारदस्त, दुकानात कुणी नाव विचारल्यावर सांगावं तसा. दर तास भरताना स्टेशनने आपली चार अक्षरं सांगायची आणि लगेच परवान्यातल्या गावाचं नाव, असा सरकारी नियम. आधी ते स्वतः इथे बसून बोलत. पानगळीत दवाखान्यात गेले, तेव्हा गेलनने त्यांचा जुना रेकॉर्ड केलेला आवाज कॉम्प्युटरवर लावून दिला. मागच्या आठवड्यात त्यांना पुरलं. आवाज तास भरला की येतच राहिला.

आईच्या स्वयंपाकघरातही येत राहिला. आज सकाळी आई तवा पुसत होती. पाठ न वळवता म्हणाली,

"तो आवाज काढ आता. दुसरं कुणीतरी बोलू दे."

"थोडे दिवस रेडिओच बंद ठेवूया का, आई?"

आईने वळून असं पाहिलं की जणू लिओराने घराचं छप्पर काढायला सांगितलं होतं.

"रेडिओने काय केलंय? मी आवाजाबद्दल बोलतेय."

रिचमंडला आपल्या घरी लिओरा तास भरायच्या सुमारास फोनवर हे स्टेशन लावायची आणि वडिलांचा आवाज ऐकून लगेच बंद करायची, हे तिने आईला कधी सांगितलं नव्हतं. आता आईसाठी ती तोच आवाज काढायला आली होती. दुपारी बाराच्या आत निघायचं असंही ठरवून आली होती. बॅग गाडीत होती.

"चल, बोल," गेलन म्हणाला. "रेकॉर्ड करू आणि मोकळे होऊ."

"तुम्हीच का नाही बोलत, गेलनकाका?"

"माझा आवाज? लोक चर्चचं दार कुरकुरलं समजून तेलाची बाटली घेऊन येतील."

ती माइकजवळ सरकली. "डब्ल्यू-क्यू-व्ही-एच... कोल्ड फोर्ड."

"परत. ओर्व्हिलची नक्कल करू नकोस."

"करत नव्हते."

"करत होतीस. गावाच्या आधी थांबलीस बघ, त्याच्यासारखी."

"थांबलेलं चालतं ना?"

"थांबलेलं चालतं, मध्ये शब्द घातलेला चालत नाही. तुला आठवतं का, ब्रदर वेल्डन एकदा उत्साहात म्हणाला होता, 'डब्ल्यू-क्यू-व्ही-एच, प्रभूची स्तुती असो, कोल्ड फोर्ड.' ओर्व्हिलने तिथल्या तिथे माइक ओढून घेतला आणि परत नीट सांगितलं. वर वेल्डनला म्हणाला, स्तुती कर, पण गावाच्या नंतर."

आता मात्र लिओराला हसू आलं. कोल्ड फोर्डमध्ये धान्याचं एक गोदाम आणि मोजकी घरं उरली होती. स्टेशनसुद्धा तिथून हलून खूप वर्षं झाली. परवान्यात गाव तेच होतं, म्हणून रोज प्रत्येक तासाला त्या गावाचं नाव डोंगर ओलांडून जात होतं. अक्षरांचंही तसंच. प्रकाश, आनंद, कृपा असे शब्द सुचवणारी सगळी चांगली अक्षरं इतर ख्रिस्ती स्टेशनांनी आधीच घेतली होती. उरली ती वडिलांना मिळाली. चर्चची मंडळी त्यांचा काही अर्थ लागतोय का बघत बसली. ते म्हणाले, अर्थ म्हणजे आपणच. एवढा पुरे.

आणखी काही वेळा बोलून एक रेकॉर्डिंग बरं झालं. गेलनने ते वडिलांच्या फाइलच्या जागी बसवलं. दहा वाजता भजन संपलं आणि खोलीतल्या स्पीकरमधून लिओराचा आवाज आला. तिला तो एखाद्या अनोळखी, घाईतल्या बाईचा वाटला.

गेलन खिडकीतल्या काळ्या टेलिफोनकडे बघत होता.

"कुणाचा फोन यायचाय?"

"नाही." त्याने कान खाजवला. "सवय. तुझी आई रिंग द्यायची ना."

"ते अजून चालू होतं?"

तिला अंधुक आठवलं. त्यांचं घर डोंगरापलीकडच्या दरीत. स्टेशनचा आवाज तिथे थेट पोचत नसे, म्हणून वडिलांनी कड्यावर छोटा मनोरा उभा केला होता. या धंद्यात त्याला ट्रान्सलेटर म्हणतात. अनुवाद वगैरे काही नाही. इकडचा आवाज पकडायचा आणि वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर दरीत सोडायचा. तासाला एकदा तो स्वतःची ओळख कुणाच्या कानाला न कळणाऱ्या खुणांमध्ये पाठवतो, बाकी स्वतःचं असं काही बोलत नाही. मनोरा चालू आहे की नाही, हे इथे बसून कळायचं नाही. म्हणून वडिलांनी तास भरताना स्टेशनचं नाव घेतलं आणि ते दरीत ऐकू आलं, की आई स्वयंपाकघरातून स्टेशनला फोन लावायची, एक रिंग होऊ द्यायची आणि ठेवून द्यायची. पोचलं.

"मी समजत होते, मनोऱ्यावर यंत्र बसवल्यावर ते बंद झालं," ती म्हणाली. मनोऱ्यात बिघाड झाला की आता ते यंत्रच फोनवर निरोप धाडायचं.

"यंत्र बसवून किती काळ झाला! रिंग चालूच. ओर्व्हिल फोन उचलायचा नाही. नुसतं असं बोट वर करायचा." गेलनने बोट वर करून दाखवलं. "मग पुढची तबकडी."

"आणि आता?"

"तो दवाखान्यात गेल्यापासून नाही. मला वाटलं, सिस्टर व्हर्डा पण तिकडेच असते. मग अंत्यविधीनंतर ती घरीच आहे, तरी नाही. म्हटलं, दुःख आहे, कसं वाजवेल." तो थांबला. "पण एकदा आधीही असं झालं होतं. ओर्व्हिलची पाठ धरली होती, तो तिकडे शहरात डॉक्टरकडे. मी त्याची कॅसेट लावली. फोन गप्प. मला वाटलं, मनोरा गेला. गारांच्या पावसात वर चढलो, बर्फावर दोनदा आपटलो. मनोरा ठणठणीत! तसाच तुमच्या घरी गेलो आणि विचारलं, बाई, रिंग का नाही दिलीत?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, ओर्व्हिल तिथे नव्हता ना." गेलनने कॉफीचा घोट घेतला. "आवाज तोच हो, म्हटलं. तर मला सफरचंदाचा मुरांबा लावून पाव दिला आणि म्हणाली, बूट पुसून आत ये."

लिओराने पडद्याकडे पाहिलं. दुसरं *कुणीतरी* बोलू दे. सकाळी तव्यावर फडकं फिरत असताना तो शब्द तिने ऐकला होता. ऐकून 'दुसरा आवाज' एवढंच समजली होती, तिथे बसलेलं माणूस नाही.

"कॉम्प्युटरची पुढची वेळ बंद करता येते?"

"अकराची? येते. पण मग कुणीतरी..." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. वाकून दोन कळा दाबल्या. "बंद. आता विसरलीस तर सरकारला उत्तर तू द्यायचं."

अकराच्या आधीचं प्रवचन बाहेरून आलेलं होतं आणि ते लांबलं. काटा वर आला, पुढे सरकला. प्रवचनकार प्रार्थनेत शिरला होता.

"मध्येच बोलू?"

"नको. नियमच आहे, थांबायला जागा मिळेल तिथे सांगायचं. आमेन होऊ दे."

आमेन झालं. लिओराने सरकपट्टी वर केली. माइकचा लाल दिवा लागला. घसा खाकरायचा राहून गेला होता, त्यामुळे आवाज जरा फाटका आला.

"डब्ल्यू-क्यू-व्ही-एच." तिने श्वास घेतला. "कोल्ड फोर्ड."

पट्टी खाली. गेलनने भजन सोडलं. दोघंही टेलिफोनकडे बघत नव्हते. गेलन चष्मा पुसत होता. लिओराने हेडफोनवरची सुटलेली चिकटपट्टी अंगठ्याने दाबली. भजनाचं पहिलं कडवं संपत आलं. तिला वाटलं, आई अंगणात गेली असेल. मग वाटलं, हे आपणच रचलं असेल, आईला नुसता तो आवाज सोसवत नसेल, बाकी काही नाही.

टेलिफोन वाजला.

तिचा हात आपसूक पुढे गेला आणि फोनवर पोचायच्या आधी थांबला. दुसरी रिंग झाली नाही.

गेलनने चष्मा डोळ्यांवर चढवला. खिडकीबाहेर तिची गाडी उभी होती, मागच्या काचेतून बॅग दिसत होती.

"बाराला काय आहे?" लिओराने विचारलं.

"ब्रदर वेल्डन. आणि तो तर किती लांबवेल, देवच जाणे."

"लांबवू दे," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. चाक अडलं. तिने ते पायाने सरळ केलं.