तेरेखोलच्या बांधातले दार

मी एक जुने दार आहे. घराचे नाही, नदीचे. पेडण्यात तेरेखोल नदीच्या काठाने मातीचा एक लांब बांध जातो. बांधाच्या एका बाजूला खारी नदी, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि मधल्या दगडी वाटेत मी लटकलेले. अशा जागेला आमच्याकडे मानस म्हणतात आणि अशा शेतीला खाजन. मित्रांनो, नावे विसरलात तरी चालेल. माझे काम तेवढे ऐका, कारण ते करून करून मी फार दमले आहे.

इथली शेती कसणाऱ्या शांतारामच्या वडिलांनी मला किंदळाच्या लाकडाच्या फळ्यांतून घडवले. भरती आली की नदीचे पाणी मला ढकलते, मी बंद होते. ओहोटी लागली की शेतातले पाणी मला ढकलते, मी उघडते. दिवसातून दोनदा बंद, दोनदा उघडे. सुट्टी नाही, सणवार नाही. भरती काय, चतुर्थीच्या दिवशीही येतेच.

पूर्वी या कामात आनंद होता. मृगाचा पाऊस लागला की पंधरा दिवस हलायचा नाही. तो मातीतला खार धुऊन काढायचा, मी ते पाणी ओहोटीबरोबर नदीत सोडायचे. मग शांताराम कोरगुट पेरायचा. कोरगुट म्हणजे थोडाफार खार सोसणारे आमचे जुने भात. तोवर घाटातून इतके पाणी आलेले असायचे की नदीसुद्धा गोडी व्हायची. मधे चार दिवस पाऊस दडला तर शांताराम बांधावरून वाकायचा, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा, चूळ थुंकायचा आणि ओरडायचा, “गोडा आसा!” मग दोरीने मला वर ओढून नदीचे पाणी शेतात घ्यायचा. चाळीस वर्षे त्याची जीभ चुकली नाही. लोक त्याचे कौतुक करायचे, जाता जाता माझेही करायचे. मला बरे वाटायचे, खोटे कशाला सांगू?

आता पावसाचे काही खरे राहिले नाही. दोन वर्षांपूर्वी तो कापणीच्या ऐन तोंडावर आठ दिवस कोसळला आणि दाणे उभ्या लोंबीतच उगवले. शांतारामची वहिनी कमलाक्षी हिने त्यातून एका शेतापुरते बियाणे निवडून वाळवले. गावात बाकीच्यांनी कोरगुट कधीच सोडले होते. उरलेले बियाणे ते तेवढेच.

गेल्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. दहा दिवस धो धो पडला, खार धुऊन गेला. शांताराम खूश झाला. “वैनी, औंदा बेगीन पेरूया,” म्हणाला. त्या लवकरच्या पेरणीसाठी कमलाक्षीने होते तेवढे बियाणे काढून दिले. रोपे बोटभर वर आली आणि आभाळ कोरडे पडले. मृग निघाला, पण वीस दिवस थेंब नाही. जमीन तडकू लागली. मग घाटात दोन दिवस पाऊस झाला आणि नदी गढूळ होऊन आली. शांताराम धावत बांधावर आला, वाकला, ओंजळ भरली. “गोडा आसा! उगडतंय!”

वरचे पाणी गोडेच होते, मित्रांनो. पण मी तळापर्यंत बुडालेले असते. खारे पाणी जड, ते खाली राहते. पूर्वीच्या झडीने ते तळातूनही समुद्राकडे ढकलले जायचे. दोन दिवसांच्या पावसाने ते कुठले हलायला? माझ्या खालच्या फळ्यांना मीठ झोंबत होते. मला बोलता आले असते तर मी ओरडले असते. दोरी ओढली गेली, मी वर गेले आणि माझ्या खालून तेच पाणी शेतात शिरले.

चार दिवसांत रोपांचे शेंडे करपले. शांताराम बांधावर डोके धरून बसला. “वैनी, माझी चुकी. सगळा घालवलंय.”

“तुमची जीभ खोटी न्हय, भावजी. पावसानच रीत सोडल्यान,” कमलाक्षी म्हणाली. मग ती चिखलात उतरली. डोंगराच्या बाजूला जिथे एक झरा पाझरतो तिथे वाफाभर रोपे जिवंत होती. तिने ती मुलांसारखी सांभाळली. दिवाळीला टोपलीभर भात झाले. त्यातली मूठभरही तिने पेजेला घेतली नाही, सगळे बियाण्यासाठी ठेवले.

आता पुन्हा मे आला आहे. माझी खालची फळी किडीने इतकी पोखरली आहे की तिच्यातून हात जाईल. मी बंद असतानाही खारे पाणी आत झिरपते. मोरजीच्या किनाऱ्यावर उतरलेले पाहुणे येतात, माझे फोटो काढतात, किती जुने आहे, जपून ठेवा म्हणतात. मला त्यांचा राग येतो. शांतारामलाही मला जपायचेच आहे. नवीन फळ्या आणून ठेवल्यात, पण हात धजत नाही.

काल कमलाक्षी त्याला घेऊन बांधावर आली.

“बाबान केलला दार, वैनी. काढूक मन जाय ना.”

“भावजी, दार नव्यान करूक येता. ह्या बियाणा गेला तर परत खंय गावतला?”

तो माझ्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. मला त्याची फार माया वाटली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मी तसे विनवणार नाही. तुमच्यापैकी कोणी शांतारामच्या ओळखीचे असेल तर त्याला एवढेच सांगा, की दाराला वाईट वाटणार नाही. अमावास्येची मोठी भरती येण्याआधी मला काढ आणि घट्ट, नवे दार बसव. जपायचीच असेल तर ती टोपली जप.